ट्रेडमिल म्हणतं ३.३ किलोमीटर, घड्याळ म्हणतं २९०० पावलं, मग खरं कोण?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही सोलापुरात सात रस्त्याजवळच्या जिमला जाता, ट्रेडमिलवर ५ च्या स्पीडला ४० मिनिटं चालता, ट्रेडमिल ३.३ किलोमीटर दाखवतं आणि मनगटावरचं घड्याळ २९०० पावलं. मग डंबेल मारताना एका जागी उभे असता तरी सहाशेक पावलं वाढतात आणि दहा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारल्या की आणखी हजार. आईंचं उलटंच, सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात काठी टेकत फेरी मारून आल्या तरी घड्याळात दोनशेसुद्धा नाहीत आणि घरी भाकरी थापायला बसल्या की पावलं पळतात. ऑफिसात दहा हजाराचं चॅलेंज सुरूय, तुमची उंची पाच फूट आठ इंच, घड्याळ नवीन, आणि शेवटचा प्रश्न असा की हे खराब आहे का, बदलून घेऊ का.

बहुतेक खराब नाहीये. मी फिजिओथेरपीत आहे, सकाळी गुडघ्याचे-पाठीचे पेशंट असतात आणि संध्याकाळी जिमवाली पोरं खांदे धरून येतात, दोन्हीकडं कुणी ना कुणी मनगट पुढं करून हेच विचारतं. एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकीचं आपोआप सुटतं, ती म्हणजे ते घड्याळ तुमचे पाय बघतच नाही, त्याला फक्त हात माहितीये. हाताच्या हालचालीवरून पाय काय करत असतील याचा ते अंदाज लावतं. मागाचा खटखट आवाज रस्त्यावरून ऐकून आत किती चादरी विणून झाल्या ते सांगायचं, असला हा कारभार आहे. माग रोजच्यासारखा चालू असेल तर अंदाज बरोबर येतो, कुणी नुसतंच खटखट केलं तरी चादर मोजली जाते.

आत काय असतं ते सांगतो, हे कळलं की पुढचं सोपं आहे. आत ॲक्सेलरोमीटर नावाची दोन-तीन मिलिमीटरची चिप असते, ती तीन दिशांना होणारे झटके सेकंदाला पंचवीस, पन्नास किंवा त्याहूनही जास्त वेळा मोजते. त्याचा वर-खाली जाणारा ग्राफ तयार होतो आणि सॉफ्टवेअर त्यात एकसारखी येणारी टोकं शोधतं. माणूस नीट चालत असेल तर मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं पडतात, धावताना १५० ते १८०, त्यामुळं सेकंदाला दीड ते तीनच्या आसपास येणारी लय दिसली की ते म्हणतं हा चालतोय किंवा पळतोय. त्याच्या बाहेरचं, म्हणजे फार हळू, फार जलद किंवा लय नसलेलं, ते गाळून टाकतं.

आता मनगटाची गंमत अशी की तिथं दोन गोष्टी एकात एक मिसळून येतात. टाच जमिनीला टेकली की धक्का पायातून कमरेतून खांद्यातून मनगटापर्यंत येतो, पण येईपर्यंत बराचसा विरतो. आणि दुसरा असतो हाताचा झोका. हात पुढं जाऊन परत मागं आला, एक पूर्ण झोका झाला, की तेवढ्यात पावलं दोन पडलेली असतात. म्हणजे सॉफ्टवेअरला झोका बघून दुप्पट करायचंय का धक्के बघून जसंच्या तसं मोजायचंय हे सतत ठरवावं लागतं, आणि प्रत्येक कंपनीनं ते आपापल्या पद्धतीनं ठरवलंय, ते काही कुणी उघड करून सांगत नाही. म्हणून तुमच्या एका मनगटावर दोन कंपन्यांची घड्याळं बांधली तरी आकडा वेगळा येणार, त्यात कुणाचीच फसवणूक नाही. वर आणखी एक, बरीच घड्याळं सलग आठ-दहा पावलं एका लयीत मिळाल्याशिवाय मोजायलाच सुरुवात करत नाहीत, मिळाली की मागची धरून एकदम टाकतात. किचनमधून हॉलमध्ये पाच पावलं, परत गॅसपाशी चार, असलं दिवसभराचं चालणं त्यात पार गळून जातं, आणि आपल्याकडच्या घरातल्या बायकांचं निम्मं चालणं तसलंच असतं.

आता तुमच्या ट्रेडमिलकडं येतो. आकडेच बोलतील बघा. पाच फूट आठ इंच म्हणजे १७३ सेंटिमीटर. चालताना एका पावलाची लांबी साधारण उंचीच्या ०.४१ पट धरतात, म्हणजे तुमचं पाऊल ७१-७२ सेंटिमीटर. ३.३ किलोमीटरला ७२ सेंटिमीटरने भागलं तर ४६०० च्या आसपास येतात. दुसऱ्या बाजूनं बघू. ५ च्या स्पीडला तुमच्या उंचीचा माणूस मिनिटाला ११० ते ११५ पावलं टाकतो, गुणिले ४० मिनिटं, म्हणजे ४४०० ते ४६००. दोन्हीकडून एकच उत्तर येतंय, म्हणजे ट्रेडमिलचं अंतर खोटं नाही. घड्याळानं सोळाशे-सतराशे पावलं गिळलीत, एक तृतीयांशाच्याही वर.

आणि एवढी पावलं गायब होतात तेव्हा मला विचारायची पण गरज नसते, तुम्ही ट्रेडमिलचं हँडल धरून चालता. अख्खी चाळीस मिनिटं नसेल, पण बराच वेळ. हँडल धरलं की झोका बंद झाला, आणि मनगट लोखंडाला टेकलेलं असल्यामुळं टाचेचा जो उरलासुरला धक्का यायचा तोही दबला, मग बिचारं घड्याळ मोजणार काय. मोबाईलवर रील बघत एका हातानं हँडल धरतात त्यांचं तर त्याहून वाईट, कारण नेमका घड्याळाचा डावा हात हँडलवर असतो आणि उजव्यात फोन. उद्या एक करा, हात मोकळे सोडून दहा मिनिटं चाला आणि तेवढीच पावलं बघा, ११०० च्या आसपास येतील. तोल जातो म्हणून हँडल धरत असाल तर स्पीड कमी करा, पण हात सोडा, माझ्या दृष्टीनं घड्याळापेक्षा ते जास्त महत्त्वाचंय कारण हँडलवर भार टाकून चाललं की पायाचं कामच कमी होतं, चढ लावून हँडलला लोंबकळणारे लोक तर स्वतःलाच फसवत असतात.

हे माझं एकट्याचं निरीक्षण नाही. २०१५ साली जामा या अमेरिकेतल्या वैद्यकीय जर्नलमध्ये एक छोटा प्रयोग आला होता, १४ निरोगी तरुण मंडळी, ट्रेडमिलवर ताशी ४.८ किलोमीटरनं एकदा ५०० आणि एकदा १५०० पावलं, आणि अंगावर फोन, कमरेचे आणि मनगटाचे ट्रॅकर सगळं एकदम. पँटच्या खिशातले फोन साधारण सहा-सात टक्क्यांच्या आत चुकले आणि एक मनगटी पट्टा वीस टक्क्यांच्या वर कमी मोजत होता. लक्षात घ्या की हे निरोगी तरुण होते, ठरलेल्या स्पीडला, सपाटीवर, म्हणजे मोजायला सगळ्यात सोपी परिस्थिती. तेव्हापासून घड्याळं बरीच सुधारलीत, आजचं ठीकठाक घड्याळ मोकळ्या हातानं भरभर चालताना आणि पळताना चांगलंच मोजतं, पण मनगटावर बसण्याची जी मूळ अडचण आहे ती सॉफ्टवेअरनं संपत नाही. जपानमध्ये पेडोमीटरसाठी जे औद्योगिक मानक आहे त्यात १०० पावलांमागे ३ ची चूक चालते, आणि ते पेडोमीटर कमरेला लावायचं असतं. कंबर काही भाकऱ्या थापत नाही आणि डंबेलही उचलत नाही, म्हणून तिथं हे जमतं.

डंबेलचे सहाशे आले कुठून ते आता तुम्हीच सांगाल. बायसेप कर्ल म्हणजे हात लयीत वर-खाली, त्यात घाई करून मारत असाल तर लय बरोबर चालण्याच्या पट्ट्यात येते. सावकाश, तीन सेकंदात वर आणि तीन सेकंदात खाली असं केलं तर एकही पाऊल वाढत नाही. म्हणजे वजन मारताना पावलं जास्त वाढत असतील तर तुम्ही झटके देऊन मारताय, खांद्याच्या पेशंटला मी हा इशारा म्हणून वापरतो बरं का. दोन सेटच्या मध्ये बाटलीकडं जाणं, डंबेल बदलायला जाणं, ती खरी पावलं पण त्यात थोडीफार असतात. उलट दोन्ही हातात जड डंबेल धरून फेऱ्या मारायचा जो व्यायाम असतो त्यात खरी पावलं पडतात आणि घड्याळ जवळजवळ गप्प बसतं, कारण हात वजनानं ताणून स्थिर झालेले असतात. मंडईतून दोन्ही हातात पिशव्या घेऊन येताना तेच होतं, बाळाची गाडी ढकलताना आणि मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना पण तेच. सायकलीवर पावलं पडत नाहीत हे उघडच आहे, तरी संभाजी तलावापर्यंत सायकल मारून आल्यावर तीनशेच पावलं का असं विचारणारे भेटतात.

दोरीच्या उड्यांचं प्रकरण वेगळंय. दोन्ही पाय जोडून उडी मारली की धक्का एक, मनगटाचा फेरा एक, घड्याळ मोजणार एक. म्हणजे तुमचे हजार हे पावलांचे हजार नसून उड्यांचे हजार आहेत, आणि उड्या म्हणून धरले तर आकडा बऱ्यापैकी बरोबर असतो! पण हजार उड्या आणि हजार पावलं यांची मेहनत सारखी नाही. व्यायामाच्या श्रमाचं जे माप असतं त्याला मेट म्हणतात, शांत बसलेल्या माणसाचा १ मेट, ताशी पाचच्या आसपास चालणं साधारण साडेतीन, आणि मिनिटाला १००-१२० च्या लयीत दोरीच्या उड्या जवळपास १२. तिपटीहून जास्त. चॅलेंजमध्ये मात्र दोन्हीचे गुण सारखे. म्हणून जिममध्ये घाम गाळणारा खाली आणि फोनवर बोलत गच्चीत फेऱ्या मारणारा वर असतो, तुमच्या ऑफिसातपण असा एखादा असणारच.

आपल्याकडं याचं लई भारी उदाहरण म्हणजे लेझीम. गणपतीच्या आधी संध्याकाळी मंडळांची प्रॅक्टिस सुरू झाली की पोरं दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात, सर काल पंधरा हजार झाले. आता लेझीमीत हात ठोक्याला झटकला जातो, कधी पायाबरोबर, कधी पाय जागेवर असताना, कधी बसून वाकून, आणि हलगीची लय वाढली की हात एका मात्रेत दोनदा पण हलतो. घड्याळ बिचारं ठोके मोजतं. त्या पंधरा हजारात पावलं किती आणि खुळखुळाट किती हे कुणालाच सांगता यायचं नाही, पण दोन तास लेझीम खेळल्यावर मांड्या आणि पोटऱ्या काय म्हणतात ते विचारा, व्यायाम शंभर नंबरी झालेला असतो. झुंब्यात टाळ्या आणि हात वर-खाली असतात तिथं हीच कथा. सूर्यनमस्कारात उलट, बारा नमस्कार घालून माणूस घामाघूम होतो आणि घड्याळात पाच-दहा पावलं, कारण लय फार सावकाश. जोर-बैठकांचं पण तसंच.

आता एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही आणि मला सगळ्यात जास्त खटकते. तुमच्या त्या दिवसाची बेरीज करा. ट्रेडमिलची २९००, डंबेलची ६००, दोरीची १०००, झाले ४५००. आणि खरी पावलं, नुसत्या ट्रेडमिलची, ४५०० च्या आसपास! म्हणजे रात्री एकूण आकडा बघितला तर घड्याळ अगदी बरोबर वाटेल. इकडं सोळाशे खाल्ली, तिकडं सोळाशे फुकट दिली, हिशोब जुळला. म्हणून घड्याळ किती अचूक असं विचारताना दिवसाचा एकूण आकडा बघून काही कळत नाही, आणि जाहिरातीत अमुक टक्के अचूक म्हणतात तेव्हा ते कोणत्या हालचालीला, किती स्पीडला, हात मोकळे का बांधलेले, हे विचारल्याशिवाय त्या टक्क्याला अर्थ नाही. सरासरी चूक शून्य असू शकते आणि प्रत्येक व्यायामात घड्याळ चुकीचं असू शकतं, दोन्ही एकाच वेळी.

आईंचं. भाकरीचं तर तुम्हाला कळलंच असेल, थापताना तळहात लयीत आपटतो, एका भाकरीला कितीतरी थापा, परातीत पीठ मळतानाचे झटके वेगळे, घड्याळाला वाटतं बाई निघाल्या फिरायला. हे गमतीवारी सोडून देता येतं. पण मंदिरातली फेरी मोजली जात नाही ते गंभीर आहे, कारण त्या वयात माणूस आकडा बघून नाउमेद होतो. तिथं एकावर एक तीन कारणं येतात. चालण्याचा वेग ताशी तीन किलोमीटरच्या खाली गेला की धक्के इतके हलके होतात की सॉफ्टवेअर त्यांना चालणं समजत नाही. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाललं की टाचेचा ठोकाच पडत नाही. आणि काठी ज्या हातात आहे त्याच हाताला घड्याळ असेल तर तो हात काठीच्या चालीनं चालतो, झोक्यानं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालणाऱ्यांचं तर दोन्ही हात वॉकरवर, वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले तरी घड्याळ ढिम्म. घरचे म्हणतात आई हलतच नाही, घड्याळात बघा, आणि आई बिचारी सकाळपासून चार फेऱ्या मारून बसलेली असते. मला अशा वेळी घड्याळ काढून कपाटात ठेवा असं सांगावंसं वाटतं.

काठी असेल तर निदान घड्याळ दुसऱ्या हातात घाला, थोडा फरक पडेल. मोजायचंच असेल तर चालण्यापुरता तो पट्टा घोट्यावर बांधायचा, मोज्यात अडकवला तरी चालतो. घोट्याला झटका सगळ्यात जोरात बसतो त्यामुळं हळू चालणाऱ्यांची पावलं तिथं बरीच नीट धरली जातात. संशोधनात हळू चालणाऱ्यांसाठी वापरतात ती यंत्रं पण घोट्यालाच असतात, एका पायाची पावलं मोजून दुप्पट करतात. तुमच्या घड्याळानं घोट्यावर निम्माच आकडा दाखवला तर घाबरू नका, ते एकाच पायाचे झटके मोजतंय, दोननं गुणा. फक्त घोट्यावर असताना हार्ट रेटकडं बघू नका, ते मनगटासाठी बनवलंय. आणि खरं सांगू का, आईंच्या बाबतीत मी पावलं सोडूनच देईन, फेरी किती मिनिटांची झाली आणि मध्ये किती वेळा टेकावं लागलं एवढंच लिहून ठेवा, मला पेशंट तपासताना त्याचा जास्त उपयोग होतो.

आता तुमचं घड्याळ खरंच ठीक आहे का हे घरच्या घरी कसं तपासायचं. अक्कलकोटला, पंढरपूरला देवळाबाहेर बोटात घालायचं ते नामजपाचं काउंटर मिळतं ना, तेच लागतं, आम्ही लोक पण चाचणीला असलंच हातानं दाबायचं काउंटर वापरतो, त्याहून भारी काही नाही. घड्याळ नसलेल्या हातात ते घाला, सपाट सरळ रस्ता घ्या, उन्हाळा असेल तर सकाळी सहाच्या आतच उरका. उजवा पाय पडला की एकदा दाबायचं. आधी घड्याळातला आकडा लिहून घ्या, अडीचशे दाबा होईपर्यंत चाला, म्हणजे ५०० पावलं. मग थांबून मिनिटभर जाऊ द्या कारण काही घड्याळं आकडा उशिरा टाकतात, आणि परत बघा. ४८० ते ५२० च्या मध्ये आलं तर चार टक्क्यांच्या आत आहे, मनगटी यंत्राकडून मी त्याहून जास्त अपेक्षा करत नाही. वीस-तीस पावलं चालून बघितलं आणि पाच कमी आली म्हणून बोंब मारू नका, सुरुवातीच्या आठ-दहा पावलांचा घोळ तेवढ्यात मोठा दिसतो. मग हीच चाचणी हँडल धरून ट्रेडमिलवर, मग खिशात हात घालून, मग फोन कानाला लावून. तुमच्या घड्याळाची खोड तुम्हालाच कळेल आणि ती खोड साधारण तशीच राहते, म्हणजे हँडल धरल्यावर तीस टक्के खातं तर उद्याही तेवढंच खाणार. दोन सेटिंगपण बघून घ्या, ॲपमध्ये उंची बरोबर टाकलीय का, आणि घड्याळ कामाच्या हातात घालता का दुसऱ्या, हे विचारलेलं असतं तिथं खरं ते निवडलंय का. उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं घड्याळ उजव्यात घातलं की दिवसभराची फुकटची पावलं वाढतात.

पट्टा सैल असला की घड्याळ मनगटावर वेगळंच नाचतं, त्यानंपण पावलं बिघडतात, पण त्याहून जास्त बिघडतो हार्ट रेट. मागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताचा चढउतार बघत असतो, पट्टा हलला की त्याला नाडीऐवजी हाताचा झोकाच दिसतो आणि पळताना हार्ट रेट १६५ येतो तो कधी कधी नाडीचा नसतोच, मिनिटाला पडणाऱ्या पावलांचा असतो! ठोके आणि पावलं एकाच आकड्यावर चिकटून बसलीत असं दिसलं तर एक भोक घट्ट करून मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घ्या.

अंतर आणि कॅलरीबद्दल दोनच वाक्यं. ट्रेडमिलवर घड्याळाला जीपीएसचा काही उपयोग नसतो, ते पावलं गुणिले पावलाची लांबी करतं, पावलं चुकली की किलोमीटर चुकले, म्हणून तिथं ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावरून मोजलेलं अंतर धरा. आणि कॅलरी बघून वडापाव खायचा का ठरवत असाल तर थांबा, २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठानं सात मनगटी यंत्रं ६० माणसांवर तपासली तेव्हा सहा यंत्रांचा हार्ट रेट पाच टक्क्यांच्या आत आला होता, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्र सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के.

चॅलेंजचं म्हणाल तर दहा हजार हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये यामासा कंपनीनं कमरेला लावायचं पेडोमीटर बाजारात आणलं त्याच्या विक्रीबरोबर तो जगभर पसरला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सोळा हजारांहून जास्त वयस्कर अमेरिकन बायकांवर केलेला अभ्यास आला, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला ४४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि ७५०० च्या आसपास फायदा सपाट झाला. ही बातमी सगळ्यांनी वाचली पण एक गोष्ट सुटली, त्या बायकांची पावलं कमरेला लावलेल्या यंत्रानं मोजली होती. मनगटावरचे ७५०० आणि कमरेवरचे ७५०० एकच असं धरून चालू नका, विशेषतः घरात भाकरी करणारी बाई असेल तर.

कोजागरीला आपल्याकडून तुळजापूरला चालत जातात त्यांचे स्क्रीनशॉट दरवर्षी येतात. अंतर साधारण ४५ किलोमीटर, पाऊल ७० सेंटिमीटर धरलं तर ६४ हजारांच्या आसपास. कुणी ९० हजार टाकले तर समजायचं की आराधी गाण्यांबरोबर टाळ्या पण मोजल्या गेल्यात, आणि ४५ हजार आले तर बॅगेचे पट्टे दोन्ही हातांनी धरून चालला असणार. अंतर माहीत असेल तर नेहमी असा उलटा भागाकार करून बघा, आकडा खोटा असेल तर लगेच उघडा पडतो.

व्यायामासाठी मी स्वतः पावलांच्या एकूण आकड्याऐवजी मिनिटाला किती पावलं हे बघतो. मोठ्या माणसात मिनिटाला १०० पावलं म्हणजे मध्यम श्रमाचं चालणं, १३० च्या आसपास म्हणजे जोमाचं, हे बऱ्याच अभ्यासांतून आलेलं ढोबळ माप आहे आणि ते घड्याळाशिवायही मोजता येतं, पंधरा सेकंद मोजा, २५ आली की झालं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं सांगते, तुमची रोजची ४० मिनिटं मिनिटाला ११० नं होतात, आठवड्यातले पाच दिवस गेलात तर २०० झाली, हे २९०० च्या आकड्यावरून कळलंच नसतं. वजनाचे सेट आणि रेप्स वहीत लिहा, दोरीच्या उड्या उड्या म्हणून लिहा, त्यांची पावलं करू नका. ऑफिसात चॅलेंज चालवणारा ऐकणारा असेल तर त्याला सांगा की प्रत्येकाच्या पहिल्या आठवड्याच्या सरासरीवर पुढची वाढ मोजा, घड्याळ मध्ये बदलायचं नाही आणि हात पण बदलायचा नाही, म्हणजे प्रत्येकाची खोड त्याच्याच दोन्ही आकड्यांत सारखी राहते. नाही ऐकलं तर पहिला नंबर लेझीमवाल्याचाच येणार, येऊ द्या.

घड्याळ बदलायचं का, तर मोकळ्या हातानं भरभर चालून ती ५०० पावलांची चाचणी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा. दरवेळी ५० च्या वर फरक येत असेल, पट्टा घट्ट आहे, उंची बरोबर टाकलीय, अपडेट झालंय, तरीही येत असेल, तर बिल घेऊन दुकानात जा, वॉरंटी आहे तोवर. आणि दुकानदारानं तिथंच हात हलवून बघा पावलं वाढली की नाही असं दाखवलं, तर त्याला म्हणावं हात नको हलवू, दुकानाबाहेर माझ्याबरोबर शंभर पावलं चालून दाखव.